ट्रॅप बसवला, आता आतले ग्रीस न्यायचे कुठे?
उपाहारगृह, खानावळ व केटरिंग चालकांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीसाठी : अन्न व औषध प्रशासन; महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ; राज्यातील महानगरपालिका व नगरपरिषदा

विषय : स्वयंपाकघरांतील ग्रीस ट्रॅपची देखभाल आणि त्यातून निघणाऱ्या ग्रीसच्या विल्हेवाटीची व्यवस्था

महोदय,

आम्ही लहान-मध्यम उपाहारगृहे, खानावळी, मिसळ-वडापावची दुकाने, मंगल कार्यालयांचे मुदपाकखाने आणि केटरिंगचा व्यवसाय चालवणारे लोक आहोत. आमच्यातल्या अनेकांना ग्रीस ट्रॅप बसवण्याच्या नोटिसा आल्या आणि बहुतेकांनी ते बसवलेही. ट्रॅप हवाच, याबद्दल संघटनेत दुमत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या नळकामाविषयीच्या भाग 9 मध्ये त्याचा उल्लेख आहे, आणि अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या केटरिंग तपासणी यादीतही मोरीला ग्रीस व झुरळे अडवणारे ट्रॅप असावेत असे म्हटले आहे. पण पेटी बसवली की काम संपले, असे नसते. ती ठरावीक दिवसांनी उघडावी लागते आणि उघडली की आतून जे निघते ते कुठेतरी न्यावे लागते. आमच्या सभासदांच्या बहुतेक गावांत ही जागा कोणी ठरवलेलीच नाही. या मागणीपत्राचे मूळ कारण ते आहे. बाकीच्या मागण्या त्याच्या मागोमाग येतात.

गटारात काय होते

भांडी धुताना गरम पाण्याबरोबर तूप, लोणी, वनस्पती, तळणीचे तेल सारे मोरीतून खाली जाते. मोरीत ते पातळ असते, म्हणून काही बिघडले असे वाटत नाही. पुढे पाइपात पाणी निवते. वनस्पती आणि लोणी पाइपाच्या आतल्या अंगाला धरू लागते. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत चोकअपच्या तक्रारी का वाढतात, हे कुठल्याही प्लंबरला विचारावे.

आमचे काही सभासद सांगतात, की आम्ही पामोलिन वापरतो, ते आपल्याकडच्या हवेत गोठत नाही, मग आम्हाला ट्रॅप कशाला? त्यांना आम्ही बैठकीत जे समजावले तेच इथे लिहितो. तळून तळून जुने झालेले आणि गटारात साचून राहिलेले तेल फुटत जाते. त्यातून मोकळी मेदाम्ले सुटतात. पाण्यातल्या आणि सिमेंटच्या पाइपातल्या कॅल्शियमशी त्यांचा संयोग झाला की कडक, पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो. त्यात भाताची शिते, चहाचा चोथा, कपड्याच्या चिंध्या अडकत जातात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 साली असा जो गोळा सापडला, तो सुमारे 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा होता. आपल्याकडे तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या मोरीतून पाणी उलटे वर येते तेव्हा ही गोष्ट लक्षात येते, आणि भांडण खालच्या खानावळीशी होते. भांडणारा शेजारी चुकीचे बोलत नसतो.

ट्रॅपचे काम साधे आहे. आलेल्या पाण्याचा वेग मोडायचा आणि त्याला निवायला वेळ द्यायचा. हलके तेल वर तरंगते, साका तळाला बसतो आणि मधले त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पडद्याखालून बाहेर पडते. वरचा थर आणि खालचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या एक चतुर्थांश झाले, की मधली जागा आखडते, पाणी घाईने जाऊ लागते आणि तेल सोबत नेते. म्हणून जगभर पाव खोलीचा नियम पाळतात. 40 सेंटिमीटर पाणी राहणाऱ्या पेटीत वरचे-खालचे मिळून 10 सेंटिमीटर झाले की पेटी साफ करायची. बाहेरून पेटी तशीच दिसते. काठी घालून मोजल्याशिवाय ते कळत नाही.

रात्री साडेअकरा

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहावे. शेवटचे गिऱ्हाईक उठते, गल्ला बंद होतो, फरशी धुण्याआधी सिंकखालच्या पेटीचे झाकण निघते. वर दह्याच्या सायीसारखा राखाडी-पिवळट थर असतो, बोटभर ते चार बोटे. त्याखाली गढूळ पाणी. तळाला शिते, कोथिंबिरीच्या काड्या, लिंबाच्या बिया, मिसळीतल्या शेवेचा लगदा. वास खवट लोण्याचा आणि आंबलेल्या अन्नाचा असतो, आणि तो कपड्यांना धरतो. मोरीवर काम करणारा माणूस प्लास्टिकच्या मगने आधी वरचा थर बादलीत काढतो, मग गाळ. नंतर पडदे काढून खरवडतो, जाळी घासतो, आणि पेटीत पुन्हा साधे पाणी भरतो. हे शेवटचे पाणी भरणे फार जणांना ठाऊक नसते. रिकाम्या पेटीत पडद्यांचा उपयोग होत नाही आणि सकाळचे पहिले तेलकट पाणी सरळ बाहेर जाते.

इथपर्यंत ठीक. बादली भरली. आता ती न्यायची कुठे?

घंटागाडी ओला कचरा घेते, पातळ पदार्थ घेत नाही, आणि न घेण्याचे कारण रास्त आहे. पिशवी फुटते, गाडीतून रस्त्यावर ओघळ येतात, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा पाय मोडतो. वापरलेले तेल विकत घेणाऱ्याला कढईतले तेल हवे असते. पाणी आणि खरकटे मिसळलेली ही बादली त्याच्या कामाची नाही. सेप्टिक टँक उपसणारी सक्शन गाडी हजारो लिटरसाठी येते, एका बादलीसाठी तिला गल्लीत बोलावणे परवडत नाही. राहता राहिले गल्लीतले चेंबर. झाकण उचलले, बादली ओतली, वर थोडे पाणी मारले. ट्रॅपने दोन आठवडे जे अडवून धरले, ते वीस पावलांवर एका दमात त्याच गटारात गेले. रोज थोडे थोडे जाण्यापेक्षा हे वाईट, कारण आता ते गोळ्यानेच गेले.

नोटीस पाळली गेली, बिल फाइलला लागले, तपासनिसाला पेटी दिसली. गटाराला मात्र काहीच फरक पडला नाही. बसवलेल्या पेट्या मोजून हा प्रश्न सुटलेला दिसेल, पण सुटणार नाही, ही गोष्ट शासनाने लक्षात घ्यावी अशी आमची कळकळीची विनंती आहे.

मागणी पहिली : ग्रीस नेण्याची ठरलेली व्यवस्था, आणि ती सक्तीच्या आधी

प्रत्येक महानगरपालिकेने आणि मोठ्या नगरपरिषदेने ग्रीस गोळा करणारे वाहन स्वतः चालवावे किंवा अधिकृत ठेकेदार नेमावा. गाडी तक्रार आल्यावर नव्हे, ठरलेल्या वारी यावी. लहान खानावळींसाठी झाकणबंद पिंपांची अदलाबदल ठेवावी : भरलेले पिंप द्यायचे, धुतलेले रिकामे घ्यायचे. जमिनीखालच्या मोठ्या टाक्यांसाठी सक्शन गाडी. प्रत्येक खेपेला किती लिटर नेले आणि कुठे उतरवले याची पावती मिळावी.

ठरलेल्या वेळापत्रकाने उपसा करणे आपल्या राज्याला नवे नाही. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी घरोघरचे सेप्टिक टँक तुंबण्याची वाट न पाहता, दर 3 वर्षांनी पाळीपाळीने उपसण्याची पद्धत बसवली आणि त्याचा खर्च करातून व ठेक्याच्या कामगिरीवर आधारलेल्या रकमेतून भागवला. ग्रीससाठी हीच पद्धत, फक्त वर्षांऐवजी आठवडे धरून, वापरता येईल. ज्या गावांना मैला उपसण्याचे वेळापत्रक जमते, त्यांना खानावळींचे ग्रीस का जमणार नाही?

उतरवण्याच्या जागेबद्दल आमचे म्हणणे ठाम आहे. मलनिस्सारण केंद्राच्या तोंडाशी ते ओतले तर गटारातला प्रश्न केंद्रात गेला एवढेच होईल. तिथे तेलाचा तवंग हवेच्या टाक्यांवर पसरतो आणि जंतूंचे काम बिघडवतो. ग्रीससाठी वेगळी टाकी हवी, त्यातून ते गाळून, थोडे थोडे बायोगॅसच्या डायजेस्टरमध्ये सोडावे. सारख्याच वजनाच्या भाजीच्या देठांपेक्षा ग्रीसमधून कितीतरी जास्त वायू मिळतो. एकदम भरमसाट ओतले तर डायजेस्टर आंबतो, म्हणून मापाने सोडायचे. नाशिकला हॉटेलांतला ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवून वायू व वीज करणारा प्रकल्प जर्मन सहकार्याने उभा राहिला. अशा प्रकल्पांत ट्रॅपच्या ग्रीसला जागा देण्याचा तांत्रिक अभ्यास शासनाने करून घ्यावा.

इथे एक इशारा द्यायला हवा. ट्रॅपचे ग्रीस आणि कढईतले वापरलेले तेल कधीही एकत्र होता कामा नये. कढईतल्या तेलासाठी नियम आहेत. 1 जुलै 2018 पासून त्यातल्या एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा 25 टक्के आहे, आणि 1 मार्च 2019 पासून रोज 50 लिटरहून अधिक तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यायचे आहे. हे तेल बायोडिझेलला जाते. ट्रॅपच्या ग्रीसला असा कुठलाही माग नाही. ज्याला माग नसतो आणि ज्याची थोडीफार किंमत येते, असे तेल उकळून, गाळून पुन्हा कुणाच्या तरी अन्नात येण्याची भीती असते. उतरवल्याची पावती आम्ही मागतो ती यासाठीच. आम्ही लोकांना जेवायला घालतो, ही भीती आमच्या दाराशी आम्हाला नको.

आणि क्रम महत्त्वाचा. ज्या शहरात ही व्यवस्था उभी नाही, तिथे ट्रॅपच्या देखभालीवरून दंड लावू नये. व्यवस्था सुरू झाल्यावर जो तिचा वापर करणार नाही, त्याला जरूर दंड लावावा. त्याची बाजू संघटना घेणार नाही.

मागणी दुसरी : पेटीचा आकार हिशेबाने

बाजारात सिंकखाली बसणारी 20 लिटरची स्टीलची पेटी सर्रास मिळते. ती स्वस्त आहे, आणि नोटीस आल्यावर दुकानदार तीच पुढे करतो. हिशेब करून पाहू. खानावळीत तीन कप्प्यांचे सिंक असते. प्रत्येक कप्पा 45 बाय 45 सेंटिमीटर आणि 30 सेंटिमीटर खोल धरला तर एकात सुमारे 61 लिटर, तिघांत 182 लिटर मावतात. भांडी बुडवल्यावर पाणी तीन चतुर्थांश धरायचे, म्हणजे 137 लिटर. बुचे काढल्यावर ते 2 मिनिटांत उतरते असे मानले, तर मिनिटाला 68 लिटर पाणी पेटीतून जाते. 20 लिटरच्या पेटीत ते 18 सेकंदही थांबत नाही. एवढ्या वेळात तेल वर येईल कसे? उलट वेगाने आलेले पाणी आधी साचलेले तेलही ढवळून पुढे ढकलते.

दुसरे टोक म्हणजे जमिनीखालची मोठी टाकी, जिच्यात पाणी अर्धा तास थांबावे असे मानतात. आपल्या हिशेबाने ती 2,000 लिटरच्या पुढे जाते. पेठेतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात ती पुरायची कुठे? या दोन टोकांच्या मधली पेटी असते : वेग रोखणारी चकती, नीट मांडलेले पडदे आणि तेवढ्या प्रवाहासाठी तपासलेला आकार. शासनाने सिंकची संख्या व माप, भांडी धुण्याचे यंत्र आहे की नाही, आणि दिवसाच्या थाळ्या यांवरून पेटीचा आकार सांगणारा एकच साधा तक्ता मराठीत प्रसिद्ध करावा, आणि पेटीवर ती मिनिटाला किती लिटर पेलते हे ठळक छापणे विक्रेत्याला बंधनकारक करावे. आज तपासनिसागणिक वेगळे उत्तर मिळते.

नव्या इमारतींबाबत : ज्या गाळ्यात खाद्यव्यवसाय येऊ शकतो, त्याच्या नकाशा मंजुरीच्या वेळीच ट्रॅपची जागा आणि तिथपर्यंत माणसाला हाताने पोचता येईल एवढी मोकळीक मागावी. भिंतीआड गाडलेला ट्रॅप कोणी साफ करत नाही.

मागणी तिसरी : तपासणी काठीने, नमुना योग्य जागेचा

पर्यावरण संरक्षण नियमांत सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्यात तेल व ग्रीसची मर्यादा लिटरला 20 मिलिग्रॅम आहे. मर्यादा चांगली आहे, ती सैल करा असे आम्ही म्हणत नाही. पण जे तेल भांडी घासायच्या साबणाने फुटून पाण्यात दुधाळ होऊन मिसळते, ते साध्या ट्रॅपमध्ये वर येतच नाही. ते काढायला शुद्धीकरण यंत्रणा लागते. मोठ्या हॉटेलांकडे ती असते, चाळीस ताटांच्या खानावळीकडे नसते. म्हणून लहान स्वयंपाकघरांची तपासणी देखभालीवर व्हावी. पाव खोलीचा नियम पाळला आहे का, पडदे जागेवर आहेत का, नोंदवहीत तारीख, थराची जाडी, काढलेले लिटर आणि गोळा करणाऱ्याची पावती आहे का, हे पाहावे. काठी घालून दोन मिनिटांत खरेखोटे कळते.

सफाईचे दिवस कागदावर सरसकट 'पंधरवड्यातून एकदा' असे बांधू नयेत. पोळी-भाजीच्या केंद्रात आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या खानावळीत एकाच जाडीचा थर येत नाही. पहिले दोन महिने दर चार दिवसांनी मोजावे आणि त्यावरून त्या स्वयंपाकघराची पाळी ठरावी. सणाच्या आठवड्यांत ती बदलेल, हेही वहीत दिसेल.

जिथे नमुना घ्यायचा असेल, तिथे तो ट्रॅपच्या बाहेर पडणाऱ्या नळीतून घ्यावा. आमच्या एका सभासदाला इमारतीच्या सामाईक चेंबरमधल्या नमुन्यावरून नोटीस आली होती. त्या चेंबरला वरच्या घरांच्या मोऱ्या आणि शेजारच्या बेकरीचे पाणीही येते. दोष कुणाचा, हे त्या नमुन्यावरून ठरवताच येत नव्हते.

मागणी चौथी : टाकीत माणूस उतरणार नाही

ही मागणी क्रमाने चौथी आली, पण यावर आम्ही तडजोड करणार नाही.

सिंकखालची पेटी हाताने साफ करता येते. हातमोजे, ॲप्रन, डोळ्यांना चष्मा आणि नंतर साबण-पाणी मिळाले तर तो माणूस सुरक्षित राहतो. मोठ्या हॉटेलांच्या, मॉलच्या फूड कोर्टच्या आणि मंगल कार्यालयांच्या जमिनीखालच्या टाक्या मात्र वेगळ्या. तिथे आंबलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीत तळाशी साचतो. थोडा असताना त्याचा सडक्या अंड्यांसारखा वास येतो, वाढला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते, वास गेला म्हणजे हवा मोकळी झाली. एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. गटार आणि सेप्टिक टँकमधल्या मृत्यूंची ही ठरलेली रीत आहे.

हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या 2013 च्या कायद्याच्या कलम 7 ने गटारांची आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी केली. शिक्षाही सांगितली : पहिल्या गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू आल्यास कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई ठरवली. पण त्या कायद्यातल्या व्याख्या मानवी मैला वाहणाऱ्या गटाराभोवती आणि तो साठवणाऱ्या टाकीभोवती बांधलेल्या आहेत. स्वयंपाकघराच्या पाण्याची टाकी त्या शब्दांत नीट बसत नाही. वायूला मात्र हा फरक कळत नाही.

म्हणून शासनाने आदेश काढून जमिनीखालच्या प्रत्येक ग्रीस टाकीला सेप्टिक टँकच्या बरोबरीने धोकादायक ठरवावे. सफाई फक्त सक्शन यंत्राने, वरून व्हावी. काही अटळ कारणाने उतरावेच लागले तर वायू मोजणारे यंत्र, हवेचा पुरवठा, कमरेचा पट्टा आणि वर दोन प्रशिक्षित माणसे असल्याशिवाय परवानगी नसावी. टाकीच्या झाकणावर लाल अक्षरांत 'आत उतरू नये' असे मराठी व हिंदीत लिहिणे सक्तीचे करावे. हिंदी यासाठी, की हे काम करणारे पुष्कळ जण दुसऱ्या राज्यांतून आलेले असतात. मालकाने किंवा ठेकेदाराने 'जरा आत जाऊन बघ' म्हणणे हाच गुन्हा मानावा, मग अपघात होवो की न होवो. आमच्या सभासदांना ही शिक्षा लागू होईल याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे, आणि ती लागू व्हावी असेच आमचे म्हणणे आहे.

मागणी पाचवी : ॲसिड, कॉस्टिक आणि 'जादूची' पावडर

मोरी तुंबली की कॉस्टिक सोडा टाकतात, ॲसिड ओततात किंवा उकळते पाणी सोडतात. तुंबलेले मोकळे होते, कारण ग्रीस वितळून पुढे सरकते आणि शेजारच्या दारासमोर पुन्हा गोठते. कॉस्टिक आणि ॲसिड एकापाठोपाठ गेले तर पाणी उसळून अंगावर येते, भाजते. 'महिनाभर ट्रॅप उघडायची गरज नाही' असे सांगत जंतूंच्या आणि विकरांच्या पावडरी विकल्या जातात. ग्रीस तात्पुरते पातळ करून पुढे घालवणाऱ्या पावडरीने ट्रॅप स्वच्छ दिसतो आणि गटार घाण होते. अशा उत्पादनांची चाचणी करून, कोणते खरोखर ग्रीस पचवते आणि कोणते नुसते पुढे ढकलते, याची यादी प्रसिद्ध करावी. तोवर त्यांना सफाईचा पर्याय मानू नये.

मागणी सहावी : पंगत, खाऊगल्ली आणि जुन्या इमारती

मंगल कार्यालयाचे गणित इतरांसारखे नाही. आठवडाभर चूल थंड असते आणि लग्नाच्या दिवशी एकापाठोपाठ पंगती उठतात, श्रीखंडाची, मसालेभाताची, भज्यांच्या परातींची सारी भांडी तीन-चार तासांत मोरीवर येऊन पडतात. रोजच्या सरासरीवर काढलेला ट्रॅप त्या दिवशी निरुपयोगी ठरतो. इथे आकार सर्वात मोठ्या दिवसावरून धरावा, आणि मुहूर्त संपल्यावर 24 तासांत उपसा करावा. नाहीतर पुढच्या मुहूर्तापर्यंत आतला गाळ कुजत राहतो, आणि चौथ्या मागणीत सांगितलेला वायू अशाच टाकीत तयार होतो.

खाऊगल्ल्यांत एकेका गाडीला ट्रॅप लावायला सांगणे व्यवहार्य नाही. पथविक्रेता अधिनियम 2014 प्रमाणे जिथे विक्री क्षेत्रे आखली जातात, तिथे भांडी धुण्याचा सामाईक ओटा आणि त्याला एक मोठा सामाईक ट्रॅप पालिकेने बांधावा आणि त्याचे शुल्क गाडीवाल्यांकडून घ्यावे. वाडे, चाळी आणि जुन्या सोसायट्यांत दुकानांचे आणि घरांचे पाणी एकाच चेंबरला जाते. तिथे खानावळीची नळी वेगळी काढायला सोसायटीने हरकत घेतली तर मार्ग काढणारा अधिकारी कोण, हे नेमून द्यावे. निवासी इमारतींत चालणाऱ्या, पाटी नसलेल्या क्लाउड किचननाही हेच नियम लावावेत.

मागणी सातवी : खर्च

उपाहारगृहांना 5 टक्के वस्तू व सेवा कर लागतो, पण भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे सफाईच्या बिलावरचा कर पूर्ण आमच्या खिशातून जातो. हा विषय राज्याने वस्तू व सेवा कर परिषदेपुढे मांडावा. ग्रीस नेण्याचे दर लिटरमागे जाहीर असावेत आणि लहान खानावळींना पहिली पेटी घेण्यासाठी वर्षभराचे हप्ते मिळावेत.

आम्ही काय करू

मागण्या मांडताना आमच्यावर जी जबाबदारी येते ती आम्ही लिहून देतो. ताट आणि टोप सिंकमध्ये जाण्याआधी खरकटे सुके काढले जाईल, रश्श्याच्या टोपाला चिकटलेला कट आधी कागदाने किंवा रबरी पट्टीने पुसला जाईल. निम्मे काम इथेच होते आणि याला पैसा लागत नाही. प्रत्येक सिंकला जाळी असेल. कढईतले तेल सिंकमध्ये जाणार नाही. नोंदवही मोरीजवळ टांगलेली असेल, ऑफिसच्या कपाटात नव्हे, म्हणजे काम करणाराच ती भरेल. ट्रॅप साफ करणाऱ्याला हातमोजे, ॲप्रन आणि त्या कामाचा वेगळा भत्ता मिळेल, कारण हे काम भांडी घासण्याच्या पगारात गुपचूप बसवणे अन्यायाचे आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्टॅक प्रशिक्षणात ट्रॅपच्या सफाईचा धडा यावा यासाठी आम्ही वेगळा अर्ज करत आहोत. धडा येईपर्यंत सभासदांसाठी संघटना स्वतः वर्ग घेईल. अचानक तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला कोणत्याही सभासदाने झाकण उघडून दाखवण्यास नकार दिला, तर त्याचे सभासदत्व रद्द होईल.

चौथ्या मागणीचा आदेश पावसाळ्याच्या आधी निघावा, कारण पावसात टाक्या भरतात, उपशाचे काम घाईने होते आणि माणसे उतरवली जातात. पहिल्या मागणीसाठी एक महानगरपालिका, एक नगरपरिषद आणि एक तीर्थक्षेत्राचे गाव निवडून 6 महिन्यांचा प्रयोग करावा. तीर्थक्षेत्र यासाठी, की पंढरपूर-शिर्डीसारख्या ठिकाणी एका यात्रेत जितके अन्न शिजते, तितके एरवी महिन्यात शिजत नसेल. प्रयोगासाठी लागणारी स्वयंपाकघरे, त्यांची सिंकची मापे आणि नोंदवह्या आम्ही देऊ. विभागाने सर्व संबंधित खात्यांची एक संयुक्त बैठक बोलवावी आणि त्या बैठकीला आमच्याबरोबर मोरीवर काम करणाऱ्या दोन कामगारांनाही बसू द्यावे.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
(संघटनेच्या वतीने)